भाग ४२ : ग्रीसमधलं ‘मराठी’ आणि दिव्याच्या उजेडातला संगमरवर

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी भाषा आहे तशी ठेवली आहे.)



आजचा भाग दगडाबद्दल आहे. गेल्या भागानंतर एका श्रोत्याने लिहिलं होतं की, ‘तू ग्रीसला जाऊन आलास म्हणे, मग सांतोरिनीच्या सूर्यास्तावर एक भाग कर.’ सांतोरिनीला मी गेलोच नाही. माझ्याकडे चार दिवस होते, त्यातला एक अख्खा दिवस मी एका बंद पडलेल्या खाणीत घालवला. ऑफिसमधल्या मित्रांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने तुम्हीही आता फोनकडे पाहत असाल. पण थांबा जरा.

त्या खाणीच्या गावाचं नाव आहे मराठी.

चेष्टा नाही. एजियन समुद्रात पारोस नावाचं बेट आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून बोटीने तीन ते साडेचार तास, बोट कुठली मिळते त्यावर. या बेटाचं मुख्य गाव पारिकिया, आणि पारिकियाहून लेफ्केस नावाच्या डोंगरातल्या गावाकडे निघालं की पाचेक किलोमीटरवर एक वस्ती लागते. ग्रीक लोक उच्चार ‘मारा-थी’ असा करतात, जोर मधल्या अक्षरावर. पण रस्त्यावरच्या पाटीवर रोमन लिपीतलं स्पेलिंग अगदी तेच, जे आपण फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात लिहितो. आमची व्हॅन तिथे वळली आणि मी ‘फोटो, फोटो’ म्हणून ओरडलो. बाकीच्या सात जणांना वाटलं, याला गाढव वगैरे दिसलं असणार.

गाईड बाई हुशार होत्या. मी कारण सांगितल्यावर त्यांनी बांधावरची एक वाळलेली काडी तोडली, बोटांनी चुरगाळली आणि माझ्या हातात दिली. वास घेतला तर बडीशेप! ग्रीकमध्ये बडीशेपेला ‘माराथो’ म्हणतात. मॅरेथॉन हे गाव, जिथून शर्यतीचं नाव आलं, तेही बडीशेपेवरूनच. आणि हे माराथी त्याच शब्दाच्या घरातलं. आपलं मराठी आलंय मरहट्ट, महाराष्ट्री या वाटेने. तेव्हा दोघांचा काडीचाही संबंध नाही, काडी हातात असूनसुद्धा.

खरा संबंध दुसऱ्याच शब्दात आहे. आपण ‘संगमरवर’ म्हणतो ना? तो आला फारसीतल्या ‘संग-ए-मरमर’वरून. संग म्हणजे दगड. आणि ‘मरमर’ फारसीत कुठून आला? ग्रीक ‘मार्मारोस’वरून. म्हणजे आपल्या आजीने देव्हाऱ्याकडे बोट दाखवून ‘संगमरवराचा आहे हो’ म्हटलं, तेव्हा ती अर्धा शब्द ग्रीकच बोलत होती. इंग्रजी ‘मार्बल’ही त्याच शब्दाचं पोर.

तर आता खाण.

आधी थोडं भूगोलाचं. प्राचीन ग्रीसमध्ये संगमरवराच्या खाणी बऱ्याच होत्या. सगळ्यात ओळखीची अथेन्सजवळच्या पेंतेली डोंगरावरची. पार्थेनॉन त्याच दगडाचं आहे, बांधकाम सुरू झालं इ.स.पू. ४४७ मध्ये. पेंतेलीच्या दगडात लोहाचा किंचित अंश असतो, त्यामुळे तो उन्हापावसात वर्षानुवर्षं राहिला की मधासारखा पिवळसर होतो. खाण डोंगराच्या उतारावर, उघड्यावर. इमारतीसाठी उत्तम आणि अथेन्सला जवळ.

पारोसचं प्रकरण वेगळं. इथला सगळ्यात चांगला दगड पांढरा, शुद्ध आणि अर्धपारदर्शक. मूर्तिकार त्याच्यासाठी जीव टाकायचे. लूव्रमधली सामोथ्रेसची पंखवाली विजयदेवता पारोसच्या दगडाची आहे (तिच्या पायाखालची नाव मात्र ऱ्होड्सच्या करड्या दगडाची). ऑलिंपियाला सापडलेला हर्मिसचा प्रसिद्ध पुतळा, रोममध्ये असलेला सम्राट ऑगस्टसचा प्रीमा पोर्ताचा पुतळा, हेही पारोसचेच. म्हणजे जगभरातल्या म्युझियममध्ये ज्यांच्यासमोर रांगा लागतात, त्यातले कितीतरी पुतळे या बडीशेपेच्या माळरानाखालून निघालेत. आणि त्या माळरानावर आम्ही नऊ जण होतो, गाईड आणि ड्रायव्हर धरून.

बाहेरून काही दिसतच नाही, हे पहिलं आश्चर्य. मला वाटलं होतं, मकराण्याच्या फोटोंत दिसतो तसा भला मोठा खड्डा असेल, पायऱ्यापायऱ्यांचा. इथे एकोणिसाव्या शतकातल्या खाण कंपनीच्या पडक्या इमारती, मध्ये झाडोरा, आणि टेकडीच्या पोटात एक तोंड. बस. कारण सगळ्यात चांगला थर वर नाहीच. तो जमिनीत तिरका उतरत गेलाय आणि त्याच्यावर कमी दर्जाच्या दगडाची जाड रजई आहे. वरची रजई काढत बसायचं तर आयुष्य जाईल, म्हणून लोक थराच्या मागोमाग आत शिरले. थर जिकडे वळला तिकडे बोगदा वळला.

आत अर्थातच अंधार. म्हणून तेलाचे दिवे. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की, या दगडाला ‘लिख्नितेस’ म्हणत, आणि व्हॅरो या विद्वानाच्या मते हे नाव पडलं ते बोगद्यांत दिव्यांच्या उजेडात काढला जातो म्हणून. ‘लिख्नोस’ म्हणजे दिवा. दिव्याचा दगड! मला हे नाव फार आवडलं. आपल्याकडे दगडाला इतकं प्रेमाचं नाव क्वचितच असतं.

आत उतरायच्या आधी हेल्मेट, बॅटरी आणि एक नियम: गाईडच्या पुढे कुणी जायचं नाही. बोगद्यात कठडा नाही, दिवे नाहीत. पायाखाली संगमरवराच्या कपच्यांचा चुरा, जो कोरडा असला तरी घसरतो आणि ओला असला तर विचारूच नका. उतार चांगलाच. आमच्यात एक फ्रेंच गृहस्थ होते, साठीचे, पाय दणकट. त्यांना अजून खाली जायचं होतं. गाईड बाई म्हणाल्या, ‘छताकडे बघा.’ आम्ही सगळ्यांनी बॅटऱ्या वर केल्या. एक तडा, हाताच्या बोटाएवढा रुंद, छतभर गेलेला. ‘हा मला माहितीचा आहे. पुढचे मला माहितीचे नाहीत.’ विषय संपला. मला असे गाईड आवडतात. इतिहास रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतात, ‘इथून पुढे नाही’ म्हणणारे कमी.

आता त्या बोगद्यात दिसतं काय? भिंती. पण भिंती वाचता येतात, हे त्या दिवशी कळलं. भिंतीवर टिकावाचे घाव आहेत, हजारो, तिरक्या रेघांत, आणि या रेघांचा कल अमुक उंचीवर बदलतो. का? कारण तिथे माणसाने उभं राहण्याची जागा बदलली. उजवीकडून मारत होता, आता डावीकडून मारतोय. म्हणजे दगडावर एका माणसाच्या खांद्याची हालचाल उमटली आहे. पद्धत अशी: जो ठोकळा हवा त्याच्या कडेने टिकावाने अरुंद चर खणत जायचा. तिन्ही-चारी बाजू मोकळ्या झाल्या की ठोकळा फक्त एकाच बाजूने चिकटलेला राहतो. मग त्या बाजूला एका ओळीत खोबण्या करायच्या, त्यांत पाचरी बसवायच्या आणि एकेक करून ठोकत जायचं, पहिलीपासून शेवटच्यापर्यंत, पुन्हा पहिली. ताण समान वाढला पाहिजे. मग एका क्षणी दगड स्वतःच फाटतो.

लाकडी पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतायचं, त्या फुगतात आणि दगड फुटतो, अशी एक कथा तुम्ही ऐकली असेल. शाळेच्या पुस्तकापासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे आहे. आमच्या गाईड बाईंनी ती सांगितली आणि लगेच पुढे म्हणाल्या की, अनेक अभ्यासकांना ती संगमरवराच्या बाबतीत पटत नाही, लोखंडी पाचरी जास्त शक्य वाटतात. तुमच्या लाडक्या कथेला टाचणी लावणारा माणूस सहलीत बरोबर असला की पैसे वसूल.

इथे एक घरचं सांगतो. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पुण्याजवळच्या दगडखाणीवर कामाला होते. काळा दगड, बेसॉल्ट. घण, पहार, छिन्नी, सुतकी, हीच त्यांची हत्यारं. मी लहान असतानाच ते गेले. त्यांचा उजवा अंगठा सरळ होत नसे एवढं मला आठवतं, आणि ते कुठल्याही दगडाला आधी टकटक करून ऐकत हे आठवतं. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा. अगदी घरातल्या पाट्या-वरवंट्यालासुद्धा. खाणीत आमच्या गाईड बाईंनी बॅटरीच्या दांड्याने भिंतीला दोन ठिकाणी ठोकून हेच दाखवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी रूमवर आल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला. फोटो दाखवले. मूर्त्या, चर्च, समुद्र, तिने ‘छान छान’ केलं. भिंतीवरच्या खोबण्यांचा फोटो आला तशी म्हणाली, ‘थांब, मोठा कर.’ मोठा केला. ‘अरे, ह्या पाचरीच्या खोबण्या. अण्णा अश्शाच मारायचे. बघ, एका रेघेत घेतल्यात. एक जरी वाकडी गेली तरी दगड भलतीकडे फाटतो, दिवसाची मजुरी जाते.’ मी तिला म्हटलं, आई, ह्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. तर म्हणते, ‘असतील. काम चांगलंय.’

माझी आई सातवी शिकलेली आहे. मी तिकीट काढून, गाईड लावून, वर दोन पुस्तकं वाचून जे शिकलो ते तिने फोनच्या स्क्रीनवर तीन सेकंदात ओळखलं.

म्हणून मला त्या फ्रेंच गृहस्थांचं एक वाक्य खटकलं होतं. माणूस चांगला, पण बाहेर येऊन घाम पुसत ते म्हणाले की, कला वगैरे पुढे मूर्तिकाराची, इथे खाली नुसती अंगमेहनत. मी वाद घातला नाही, माझी इंग्रजी रागात बरी चालत नाही. [हसतो] पण इथे घालतो.

बघा, हिशेब करू. माणसाच्या उंचीच्या उभ्या मूर्तीसाठी समजा दोन मीटर बाय ऐंशी सेंटिमीटर बाय सत्तर सेंटिमीटरचा ठोकळा लागला. १.१२ घनमीटर. संगमरवराची घनता साधारण २.७ टन प्रति घनमीटर. म्हणजे झाला तीन टन. तीन स्विफ्ट गाड्या एकावर एक. हे धूड अंधाऱ्या बोगद्यातून वर चढवायचंय. उतार तीस अंशांचा धरला तर नुसतं वर खेचायला दीड टन वजनाएवढा जोर लागतो, त्यात लाकडी घसरगाडीचं घर्षण मिळवलं की जातो अडीच टनांच्या आसपास. एक माणूस सलग ओढताना पंचवीस-तीस किलोचा जोर लावतो असं धरू. तर झाली सरासरी नव्वद माणसं. आता ती नव्वद माणसं त्या बोगद्यात उभी कुठे करणार? मी आत उभा होतो, तिथे नऊ जणांची दाटी झाली होती. म्हणजे नुसत्या मनगटाचं काम नाही ते. दोर, ओंडके, चरक, कप्प्या, थांबायला टप्पे, दोर तुटला तर गाडी अडवायला खुंट्या, सगळं आधी ठरवलेलं हवं. ग्रीक इमारतींत यारीने दगड उचलल्याच्या खुणा इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतात, तेव्हा ही विद्या त्यांना होती. आणि हे सगळं करायचं ते ठोकळ्याचा एकही कोपरा न उडवता.

आणि हो, या हिशेबामुळे आणखी एक गोष्ट निकालात निघते. पारोसबद्दल गूगल केलंत तर पर्यटनाच्या पानांवर एक आकडा सापडेल, की या खाणींत दीड लाख गुलाम राबत होते. दीड लाख! आजच्या पारोसची लोकसंख्या चौदा हजारांच्या आसपास आहे आणि बेट दोनशे चौरस किलोमीटरपेक्षाही थोडं लहान. दीड लाख माणसांना या कोरड्या बेटावर पाणी कुठून, धान्य कुठून? आणि मुळात दगडाच्या तोंडाशी एका वेळी चार माणसं मावतात. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल: टीममध्ये माणसं ओतली म्हणून प्रोजेक्ट लवकर संपत नाही. गाईड बाईंना विचारलं तर त्या फक्त हसल्या आणि म्हणाल्या, ‘तो आकडा माझ्या स्क्रिप्टमध्ये नाही.’

पण म्हणून गुलाम नव्हते असं मुळीच नाही. प्राचीन ग्रीसच्या खाणींत गुलाम होते, मोठ्या संख्येने. अथेन्सच्या लावरिओनच्या चांदीच्या खाणींबद्दल तर भरपूर पुरावे आहेत. माझा राग फक्त फुगवलेल्या आकड्यावर आहे. आकडा एवढा मोठा केला की त्यात एकही माणूस दिसत नाही.

आणि एक माणूस दिसतो तिथे. हेच मला सांगायचं होतं, फिरून फिरून आलो.

या खाणीला ‘निम्फांची खाण’ म्हणतात. निम्फ म्हणजे डोंगर, झरे, गुहा यांच्यात राहणाऱ्या देवी. इंटरनेटवर याचं भाषांतर ‘अप्सरा’ करतात, मला ते पटत नाही. इंद्राच्या दरबाराशी यांचा काय संबंध? आपल्याकडे विहिरीवर, नदीच्या डोहाशी साती आसरा असतात, शेंदूर लावलेल्या, त्यांना खण-नारळ ठेवतात, त्यांच्या जागी उद्धटपणा केला तर त्या धरतात म्हणतात. निम्फ म्हणजे ह्या. शब्दाने आसरा-अप्सरा एकच असतील, पण घर वेगळं. तर बोगद्याच्या तोंडाशी, जिवंत खडकात, एक शिल्पपट कोरलेला आहे, इ.स.पू. चौथ्या शतकातला. देवता, त्यांच्याकडे पाहणारे भक्त, अशा लहान लहान आकृत्यांची गर्दी. आता पार झिजलाय, बॅटरी तिरकी धरली तर एखादं डोकं, एखादा पदर दिसतो. खाली लेख आहे: अदामास, ओद्रिसी, निम्फांना.

एवढंच. तीन शब्द.

ओद्रिसी म्हणजे थ्रेसमधली एक जमात, आजचा बल्गेरिया आणि आसपासचा मुलूख. तिथला हा अदामास, एवढ्या दूर, या बेटावर. थ्रेसमधून ग्रीसमध्ये गुलाम म्हणून आणलेली माणसं खूप होती. हा गुलाम होता, सुटलेला होता, मुकादम होता की स्वखुशीने आलेला, लेख सांगत नाही. पण त्याने आपण कुठले ते लिहिलं. बापाचं नाव लिहिलं नाही, धंदा लिहिला नाही, गाव लिहिलं. आणि आपल्या देवाला नाही, इथल्या आसरांना वाहिलं, कारण आत जायचं म्हणजे त्यांच्या घरात जायचं. वरचा तडा त्यालाही दिसत असणार.

[थोडं थांबून] आपल्याकडे म्हणतात ना, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. शाळेत यावर निबंध लिहिलाय मी, आठ मार्क पडले होते. त्यात घाव सोसतो तो दगड. टाकी मारणाऱ्याचा अंगठा त्या म्हणीत येत नाही.

बरं, पुढे. दगड अर्धपारदर्शक आहे म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं. गाईड बाईंकडे त्यांच्या ट्रेनिंगच्या पेटीतला एक पातळ काप होता, बिस्किटाएवढा. त्यांनी सगळ्यांना बॅटऱ्या बंद करायला सांगितल्या. गच्च अंधार. मग कापाच्या मागे एकच बॅटरी लावली. तो काप पेटला, खरंच, आतून, दुधात केशर टाकावं तशा रंगाने. मागे बोट धरलं तर बोटाची सावली दिसली.

यात आमच्या क्षेत्राची एक गंमत आहे. कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये बरीच वर्षं माणसांची कातडी प्लॅस्टिकसारखी दिसायची. कारण प्रकाश पृष्ठभागावर आदळतो आणि परत येतो, एवढंच गणित लोक करत होते. प्रत्यक्षात कातडी, दूध, संगमरवर यांच्यात प्रकाश थोडा आत शिरतो, आत भटकतो आणि दुसरीकडूनच बाहेर पडतो. २००१ मध्ये हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांनी हे गणित व्यवहारात करता येईल असं सोपं करून दाखवलं. आणि त्या पेपरमधलं गाजलेलं चित्र कशाचं? मागून उजेड पडलेल्या संगमरवरी डोक्याचं! म्हणजे ग्रीक मूर्तिकाराला जी गोष्ट दिव्यासमोर दगड धरून कळली होती, की हा दगड प्रकाशाशी माणसाच्या कातडीसारखा वागतो, ती आम्हाला समीकरणात बसवायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. कॉलेजात हा पेपर मी परीक्षेपुरता वाचला होता. त्या अंधारात तो परत आठवला.

(एक शंका इथे कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो: हो, ग्रीक मूर्ती रंगवलेल्या असायच्या, पांढऱ्याशुभ्र नव्हत्या. मग एवढा सुंदर दगड घेऊन वर रंग? आपण तांब्याच्या कळशीला कल्हई करतो, तसंच काहीसं म्हणा.)

प्लिनीने पारोसबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीय. खाणीत पाचरी मारून एक ठोकळा फोडला, तर आत सायलेनसची, म्हणजे त्यांच्या मद्यदेवाच्या म्हाताऱ्या सोबत्याची, प्रतिमा निघाली. कुणी कोरलेली नाही, आपोआप. आमच्या ग्रुपमधल्या लोकांना ही गोष्ट विचित्र वाटली, हसले सगळे. मला अजिबात विचित्र वाटली नाही. स्वयंभू म्हणतात त्याला, आमच्याकडे दर पाच गावांमागे एक असतो.

बाहेर आल्यावर एक छोटा प्रसंग झाला. ग्रुपमधल्या एका तरुणाने कपच्यांच्या ढिगातून एक तुकडा उचलून बॅगेत टाकला. गाईड बाईंनी पाहिलं, आरडाओरडा केला नाही, फक्त त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, हात पुढे करून. त्याने काढून दिला. मग त्यांनी तुकडा उलटा करून आम्हाला दाखवला. त्याच्या एका कडेवर छिन्नीचे तीन घाव होते, बारीक, समांतर. तुम्हाला जो कचरा वाटतो, तो इथला दस्तऐवज आहे, असं म्हणाल्या, आणि जिथून उचलला होता तिथेच नेऊन ठेवला. ग्रीसमधून प्राचीन वस्तू बाहेर नेणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी गाडीत बसल्यावर, सगळ्यांना मिळून सांगितलं. त्या पोराकडे न बघता.

दस्तऐवजावरून आठवलं. सकाळी आम्ही पारिकियाच्या म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे ‘पारोसचा इतिहासपट’ म्हणतात त्या शिलालेखाचा एक तुकडा आहे. इ.स.पू. २६४-६३ च्या सुमारास कुणीतरी संगमरवराच्या पाटीवर जगाची टाइमलाइन कोरली. राजे, युद्धं, कवींच्या स्पर्धा, अमुक गोष्टीला आता इतकी वर्षं झाली, अशा नोंदी. सुरुवात पुराणातल्या राजांपासून आणि तीही तेवढ्याच आत्मविश्वासाने. तिचे दोन मोठे तुकडे १६२७ मध्ये लंडनला गेले. जॉन सेल्डन या विद्वानाने ते लगेच वाचून, उतरवून छापले. आणि पुढे इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या धामधुमीत वरचा तुकडा गायब झाला. तो कुठल्यातरी चुलाण्याच्या डागडुजीत गेला असं सांगतात. आज त्या भागातला मजकूर फक्त सेल्डनने केलेल्या नकलेमुळे आपल्याला ठाऊक आहे. उरलेला तुकडा ऑक्सफर्डला. दगडात कोरलेलं टिकेल म्हणून कोरलं, आणि वाचलं ते कागदावर! बॅकअपचं महत्त्व मी टीममधल्या नव्या पोरांना आता हे उदाहरण देऊन सांगतो.

पारिकियातच तेराव्या शतकातल्या किल्ल्याची एक भिंत आहे, ती अजिबात चुकवू नका. हा किल्ला बांधताना व्हेनिसच्या लोकांनी तिथलं प्राचीन देऊळ मोडून त्याचेच दगड वापरले. देवळाच्या खांबांचे गोल तुकडे आडवे करून भिंतीत रचलेत, जात्याच्या पाळी एकावर एक ठेवल्यासारखे. खाली कुणाचीतरी स्कूटर लावलेली, वर कुणाचंतरी वाळत घातलेलं धुणं. म्युझियमपेक्षा मला ही भिंत जास्त आवडली.

दुपारी लेफ्केसला जेवलो. चणे, ते रात्रभर मातीच्या भांड्यात भट्टीत ठेवून शिजवलेले, वर लिंबू. मीठ थोडं कमी, पण बेस्ट. तिथून खाली प्रोद्रोमोस गावापर्यंत जुनी पायवाट आहे, बायझंटाइन रस्ता म्हणतात, बऱ्याच ठिकाणी संगमरवराच्याच फरश्या. ज्या दगडासाठी रोमचे सम्राट माणसं पाठवत, त्याच्यावरून इथली गाढवं चालत होती. पाऊस पडला की ही वाट घसरते, तेवढं लक्षात ठेवा.

जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. पारिकिया ते लेफ्केस बस माराथीवरून जाते, पण खाणीच्या आत एकट्याने उतरू नका, गाईड घ्या आणि तोही भूशास्त्र किंवा पुरातत्त्व शिकलेला बघून घ्या. मोबाईलची बॅटरी आत पुरत नाही, नीट टॉर्च हवा. बूट पकडीचे. सप्टेंबरच्या अखेरीस गेलात तर ऊन बरं असतं आणि गर्दीही ओसरलेली. आत गारवा असतो, एक पातळ जाकीट ठेवा. आणि तोंडाशी असलेला अदामासचा पट बघताना बॅटरी समोरून नाही, बाजूने धरा. समोरून धरली की काहीच दिसत नाही.

पुढच्या भागात शेजारच्या नाक्सोस बेटावर जाऊ. तिथे खाणीतच अर्धवट सोडलेला एक पुतळा आडवा पडलाय, साडेदहा मीटरहून लांब. तो का सोडला असेल, यावर आईचंही एक मत आहे, तेही सांगेन. भेटू.